पोरीची भुकटी, माझा चहा

शाळेत मी गेलो तो पोरीला सोडायला नि आणायला. शिकायला असा कधी गेलोच नाही. तेव्हा लालबागच्या चाळीत आम्ही दोघंच. बायको बाळंतपणाला गावी गेलेली, पोर दुसरीत. सकाळी मी पेज करायचो, ती बऱ्याचदा खाली लागलेली. संध्याकाळी खानावळीचा एक डबा दोघांत. त्यातलं जास्त कोण खायचं ते माझ्या पोटाकडे बघून कळायचं.

शाळेत डॉक्टर आले, पोरांची वजनं केली. माझी अशक्त निघाली. बाईंनी मला बोलावून दुधाच्या भुकटीचा पुडा दिला. दोन चमचे गरम पाण्यात, सकाळ-संध्याकाळ पाजा म्हणाल्या.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. गिरणीची पाळी सुटली की माणसं माझ्या खोलीत जमायची. मोर्चाला कोण येणार, पत्रकं कोण वाटणार. मी पत्रकं उलटी धरून वाटायचो, लोक हसायचे. भाषण मला जमत नव्हतं, चहा जमायचा. सगळ्यांकडे कोरा, माझ्याकडे दुधाचा.

"गाय बांधलीस काय रे खोलीत?"

मी फुगायचो. पोर कोपऱ्यात बसून बघायची.

महिन्याभरानं बाईंनी परत बोलावलं. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं.

मी म्हटलं, "बाई, काटा उपाशी असेल."

"उभे राहा बघू त्याच्यावर."

राहिलो. काटा धाडकन पुढं गेला.

"काटा ठीक आहे," बाई म्हणाल्या नि पोरीकडे वळल्या. "दूध पितेस ना गं?"

"हो बाई. रोज. दोन चमचे."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. पुडा संपलाय हे तिला ठाऊक होतं. शेवटची भुकटी मी आदल्याच दिवशी तिच्यासमोर झटकली होती. जन्मभर मी थापा मारल्या, पण माझ्यासाठी कुणी मारलेली ती पहिलीच.

"बाई, खोटं बोलतेय ती," मी म्हटलं. "मी चहात घातलं. लोकांना पाजलं."

बाईंनी नवा पुडा काढला नि पोरीच्या हातात दिला. माझ्या नाही.

संध्याकाळी माणसं आली. मी कोरा चहा ठेवला.

"काय रे, गाय आटली?"

"गाय पोरीची होती. मी चोरून धार काढत होतो."

मला वाटलं हसतील. एकानं कप तसाच खाली ठेवला.

पोर पेला घेऊन बसलेली. एक घोट घेतला नि तोंड वाकडं केलं.

"बाबा, गुठळ्या आहेत. तुम्हीच प्या ना. नाहीतर यांना द्या."

म्हणजे तिला ते आवडतही नव्हतं! एवढं ऐकून जीव हलका व्हायला हवा होता. झाला नाही. मी बोटानं गुठळ्या फोडल्या नि तिच्यासमोर मांडी घालून बसलो. मोर्चाचं बोलणं मागं चालू होतं. तिनं पेला उपडा करून दाखवेपर्यंत मी उठलो नाही.