पहिला थर कोणी उचलायचा

मनोहररावांना भट्टीसाठी बादली घ्यायला एकोणीस दिवस लागले. मी मोजले, कारण ते एकोणीस दिवस फुटक्या बादलीने पाणी मी वाहत होतो. विहिरीपासून चिखलाच्या खड्ड्यापर्यंत चाळीस पावले. चाळिसाव्या पावलाला बादलीत अर्धे पाणी उरायचे.

आणि ही कवेलूंची, म्हणजे छपराच्या कौलांची, भट्टी त्यांनी घेतली ती एका चहात.

ते त्रेपन्न साल. मनोहरराव तेव्हा हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये कारकून होते. काही कामाने जाम गावच्या फाट्यावर उतरले आणि चहाला बसले. शेजारी एक ट्रकवाला होता. तो म्हणाला, इथे आता चारी बाजूंना घरे उठणार. मनोहररावांनी बशी खाली ठेवली आणि गावाबाहेरची पडीक भट्टी कोणाची आहे ते विचारले. आठवड्यात नोकरी सोडून ते जामला हजर झाले. सोबत एक पेटी, एक वळकटी आणि मंदाबाई. भट्टी घेतल्याचे मंदाबाईंना बैलगाडीत कळले. तो ट्रकवाला पुन्हा कधी दिसला नाही.

माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नसे, मजुरी थकवत नसे. मी त्यांच्याकडे अकरा वर्षे चिखल तुडवला. चिखलात एक खडा राहिला तरी कवेलू भाजताना त्या जागी तडकतो. म्हणून मी डोळे मिटून तुडवायचो. खडा डोळ्यांच्या आधी तळपायाला कळतो. हे मी मनोहररावांना एकदा सांगितले. त्यांनी ते खरे की खोटे, हे एका मद्रासी ड्रायव्हरला विचारले.

हीच त्यांची खोड. फाट्यावर नागपूरचे, हैदराबादेचे, चांद्याचे ट्रक थांबत. मनोहररावांनी रस्त्याच्या कडेला बाज टाकली होती. ड्रायव्हर उतरला की त्याला चहा पाजायचे आणि हातातला प्रश्न त्याच्यापुढे ठेवायचे. दोर सुतळीचा घ्यावा की काथ्याचा? माती ओढ्याकाठची बरी की टेकडीजवळची? उद्या दोनशे मैलांवर असणारा माणूस आमचे आजचे काम ठरवून जायचा. भट्टीची पाटी आधी निळी होती. मग एका पंजाब्याच्या सांगण्यावरून लाल झाली, कोणा तेलंग्याच्या सांगण्यावरून पिवळी, आणि पुन्हा निळी.

मंदाबाई म्हणायच्या, "रंग चढून चढून पाटी आता कवेलूपेक्षा जाड झाली. तीच टाका छपरावर."

भट्टी रचायची तानाबाई. वडनेरची, कुंभाराची लेक. कच्चे कवेलू उभे लावायचे, थरावर थर, मध्ये आच फिरायला वाट ठेवून. हे काम तिच्याशिवाय कोणाला येत नसे. भट्टी दोन दिवस पेटायची आणि मग सात दिवस निवायची. सात म्हणजे सात. आधी विटांनी बुजवलेले दार फोडले तर गार वारा आत शिरतो आणि तापलेले कवेलू तडकतात. तडकलेला कवेलू पुन्हा चिखल होत नाही. पाटीचा रंग बदलता येतो, दोर परत करता येतो. ही भट्टी मात्र एकदाच उघडते.

हा फरक मनोहररावांना ठाऊक नव्हता. बादली आणि भट्टी त्यांना सारखीच. उलट बादलीला ते जरा जास्त भीत.

चौपन्नच्या उन्हाळ्यात माल चांद्याला जायचा होता. ट्रक होता जबलपूरच्या एका ड्रायव्हरचा. त्याला सगळे भैय्याजी म्हणत. चौथ्या दिवशी भैय्याजींनी भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावला.

"अरे मनोहररावजी, ये तो ठंडी पड़ी है. खोल दो!"

तानाबाई म्हणाली, "भित थंडी हाय जी. पोट नाई."

मनोहरराव मला म्हणाले, "नत्थू, भैय्याजी अर्धा मुलूख फिरले आहेत."

अर्धा मुलूख फिरले होते, पण भट्टीत गेले नव्हते. दार फोडले. थोड्या वेळाने आतून आवाज येऊ लागला, ज्वारी भाजताना येतो तसा. दहातले सात कवेलू गेले. भैय्याजींनी टोपी सरळ केली, दुसरीकडचा कांदा भरला आणि निघून गेले. खापऱ्या आम्ही दोन दिवस टोपल्यांनी वाहिल्या.  तानाबाई माझ्यापेक्षा एक टोपली जास्त टाकायची.

पुढच्या साली वडनेरच्या शाळेच्या छपराचे काम आले. मोठे काम. मनोहररावांनी आम्हा अकरा जणांना बोलावून सरळ सांगितले, "ही भट्टी बिघडली तर मी परत हिंगणघाटला कारकून. अन् तुम्ही तुमचं पाहा." एवढे स्पष्ट बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकले.

 तानाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "मालक, मी रचीन. पण एक बोली."

"काय?"

"जो मनंल खोला, त्यानं पयला थर उचलाचा. आपल्या हातानं. फडकं नाई, पोतं नाई."

"अन् मी म्हटलं तर?"

"तं तुमी."

"अन् तू म्हटलं तर?"

"मी तं दरसाली उचलतोच जी."

मनोहरराव विचारात पडले. त्यांची नजर रस्त्याकडे गेली. दारातून मंदाबाई म्हणाल्या, "जा, हेही ट्रकवाल्याले इचारून या."

ते गेले नाहीत. "बरं," म्हणाले.

भट्टी रचली, पेटवली, बुजवली. पाचव्या दिवशी ट्रक घेऊन भैय्याजी आले. माणूस मागचे सगळे विसरून आला होता. बाजेवर बसले, चहा प्यायले, उठून भिंतीला हात लावला.

"ठंडी है. खोल दो."

 तानाबाईने भट्टीच्या बुजवलेल्या दारातली वरची एक वीट काढली.

"या भैय्याजी. पयला थर तुमचा."

"मेरा?"

"तुमीच मनलं ना खोला."

भैय्याजी हसले. एवढी पोलादी गाडी हाकणारा माणूस. बाही सरकवली आणि फटीत हात घातला. जेवढ्या वेळात आत गेला त्याच्या निम्म्या वेळात बाहेर आला. बोटे तोंडात गेली. तानाबाईने वीट लगेच परत बसवली.

"रहने दो," ते म्हणाले. "दो दिन आराम करेंगे. मौसम अच्छा है."

जेठ महिना होता. मौसम किती चांगला होता ते आम्हाला माहीत होते.

खरी गंमत सहाव्या दिवशी झाली. दुपारी शाळेचा निरोप आला की सुतार येऊन बसले आहेत, कवेलू कुठे आहेत? मनोहरराव बाजेवरून उठले, बसले, पुन्हा उठले. फाट्यावर तीन ट्रक उभे होते. एकाही ड्रायव्हरकडे ते गेले नाहीत. भट्टीकडे आले.

"तानाबाई, मले वाटते झाली. एका दिवसानं काय होते?"

आम्ही सगळे काम थांबवून पाहत होतो. मी खड्ड्यात, गुडघाभर चिखलात. अकरा जणांचे पोट त्या दाराआड होते.

तानाबाईने वाद घातला नाही. वीट काढली आणि बाजूला झाली. "उचला."

मनोहररावांनी सदऱ्याची बाही दुमडली. नीट, कारकुनासारखी, तीन घड्या. हात आत घातला. भैय्याजींपेक्षा जास्त वेळ ठेवला, हे सांगितले पाहिजे. कपाळावर घाम आला. मग हात काढला आणि तळव्याकडे पाहत राहिले. जणू तो तळवा त्यांना आजच दिसला.

"उद्या," ते म्हणाले.

कोणालाही न विचारता त्यांनी ठरवलेली ही पहिली गोष्ट. निरोप आणणाऱ्यालाही त्यांनीच सांगितले, "उद्या म्हणजे उद्या. सुतारांना आज छपराच्या लाकडी बत्त्या ठोकू द्या."

सातव्या दिवशी सकाळी दार फोडले. "खोला" तानाबाईने म्हटले होते, म्हणजे थर तिचा. पण मनोहरराव तिच्या आधी आत वाकले. आठ कवेलू एकदम छातीशी धरून निघाले. कवेलू कसे धरावेत हे त्यांना दोन वर्षांत कोणी शिकवले नव्हते, कारण त्यांनी विचारले नव्हते. सहाव्या पावलाला दोन पडले आणि फुटले.

तानाबाईने उरलेल्या सहातला एक घेतला, बोटाच्या पेराने वाजवला. टण्ण. दुसरा. टण्ण. मग आत जाऊन खालच्या थरातला एक काढला. तोही तसाच.

"पूर्ण भट्टीत दोनच फुटले जी," ती बाहेर येऊन म्हणाली. "ते बी मालकानं फोडले."

मनोहरराव हसले. त्यांचे हात लाल झाले होते आणि सदऱ्याला राख लागली होती. भैय्याजींनी न सांगता ट्रक मागे घेतला आणि स्वतः उतरून भरायला लागले. दर खेपेला चार कवेलू. मी बारा नेत होतो. पण चार तर चार.

त्यानंतर मनोहररावांनी ड्रायव्हरांना विचारणे सोडले असे नाही. पाटी पुढेही दोनदा रंगली. नागपुरात कवेलू काय भावाने जातो, पुलगावला कोण घर बांधते आहे, हे ड्रायव्हरांनाच ठाऊक असे, आणि ते विचारायचेच. पण माती कुठली, चिखल किती दिवस भिजवायचा, भट्टी कधी उघडायची, हे ज्याच्या हातापायाला लागे त्याला विचारू लागले. मला तळपायाचे पुन्हा विचारले. या वेळी मद्रासी ड्रायव्हर मध्ये नव्हता.

छप्पन सालच्या हिवाळ्यात ती एकोणीस दिवसांची बादली तळाशी फुटली. मनोहररावांनी मला बोलावले.

"नत्थू, पाणी तू वाहतो. बादली तूच ठरव. हिंगणघाटले जा अन् घेऊन ये."

मी सकाळी गेलो. सहा दुकाने पाहिली. एका बादलीची कडी हाताला रुतत होती. एकीचा तळ पातळ होता. एक चांगली होती, पण भरली तर चाळीस पावलांत खांदा उतरला असता. एक मजबूत होती, पण तिच्या कानाचा रिबीट मला पटला नाही. अंधार पडायच्या आत मी जामला परत आलो, रिकाम्या हाताने.

मंदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले.

"घ्या," त्या आत वळून म्हणाल्या. "याचे अठरा दिवस बाकी हाय."