वेचलेले खडे

"मशीन राहू द्या. हिच्या हातात हातोडा द्या," सर म्हणाले.

प्रयोगशाळेत एका खाण कंपनीची चार माणसं आली होती. दगड फोडायचं यंत्र चांगलं चालू होतं. सरांनी ते बंद केलं आणि मला फरशीवर बसवलं. "हिचे वडील शेंद्र्याच्या पुढं खदानीवर दगड फोडतात. बघा, कसं रक्तातच असतं ते."

मी फोडला. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाची बाई, उकिडवी बसून. एका पाहुण्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा मला माझ्या हसण्याची लाज जास्त वाटते.

का हसले? भ्याले होते म्हणून. प्रबंधावर सरांची सही लागते. सही नाही तर तीन वर्षं मातीत. सरांच्या बुटांचा आवाज आला की मी उगाच वही उघडून बसायची.

आमचं काम असं. कंपनी हलक्या प्रतीच्या मँगनीजची पोती पाठवते. त्यातून किती टक्के चांगला माल निघेल ते आम्ही सांगायचं. आधी सगळं फोडायचं, मिसळायचं, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी मूठ-दोन मूठ उरतं, तो नमुना. यात डोळ्यांनी निवडायचं नसतं. मँगनीजचा काळा जड खडा असो की पांढरी गारगोटी, वाट्याला येईल ते घ्यायचं.

पाहुणे गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली.

"तुमच्या लोकांना दगडाची नजर असते. चांगले काळे खडे तेवढे वेच. कंपनीला आकडा वर हवाय."

"सर, मग तो नमुना राहत नाही."

"सही हवी ना तुला?"

मी वेचले. दोन दिवस खाली मान घालून वेचले. नजर होतीच माझ्याकडे, अप्पांची. आकडा वर गेला. सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि मला मेलीला बरं वाटलं.

रविवारी घरी जाऊन अप्पांना सांगितलं. हातोड्याचं तेवढं गिळलं. अप्पांचा खोकला थांबेना. थांबल्यावर म्हणाले, "त्या आकड्यावर ते काय करणार?"

"खाण वाढवतील. दोन गावं उठतील."

"अन् माल तसला नसला तर?"

मी उठून त्यांना पाणी दिलं.

"माय, म्या लई दगड फोडले. पर कच्च्या दगडाला पक्का नाय म्हणलं कधी. त्याच्यावर कुनाचं तरी घर उभं राहतं."

सोमवारी नवी पोती आली. मी ढीग केला, चार भाग केले. भाग वाकडे पडले. मोडून पुन्हा केले. सर डोक्यावर उभे होते.

"मागच्यासारखंच. वेच."

"नाही वेचणार, सर. आणि खाली बसून फोडणारही नाही. यंत्र आहे."

सर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "मग खदानीवर जा परत." ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी मी संशोधन समितीला पत्र लिहिलं. पहिल्या नमुन्यातले खडे निवडलेले आहेत. सरांनी सांगितलं, वेचले मी.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, स्वतःचं नाव कशाला घालतेस? तूच अडकशील."

घातलं. नाहीतर कुणीतरी म्हणणार, बिचारीला काय कळतंय. मला कळत होतं. कळून केलं.

पुढच्या आठवड्यात समितीनं बोलावलंय. दार वाजलं तरी दचकते. भीती गेली असं मी म्हणणार नाही, खोटं होईल ते. पहिल्या खेपेतलं एक न उघडलेलं पोतं मी कुलपात ठेवलंय. ते समितीसमोर ओतणार आहे आणि न निवडता पुन्हा तपासा म्हणणार आहे, सरांच्या देखत. आकडा खाली येईल. माझी पदवीही जाईल बहुधा.

तरी तपासाच म्हणणार.