सरळ केलेल्या खुंट्या

सेलू तालुक्यातलं एक शिवार मी एकदा स्वतःच्या हातांनी सरळ केलं. लग्न नुकतंच झालेलं, गृहशास्त्राची पदविका ताजी आणि अक्कल अजून पुण्याहून यायची होती.

आमचे हे बांधबंदिस्तीच्या योजनेत ओव्हरसिअर. पावसात शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून सरकार बांध घालून देणार, असं ते काम. सिंदी स्टेशनात उतरले तेव्हा कापसाच्या गाठींमध्ये जरीकाठाची मी एकटीच. पुढे दमणीतून (माणसं नेणारी हलकी बैलगाडी) गाव गाठलं. हाडं खिळखिळी झाली, तरी तोंडाने खेड्यांचं कौतुक चालूच.

गावात पाटलांनी रोडगे (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी वाढली. जेवून हे ओसरीवर नकाशा पसरून बसले, मी शेतं बघायला निघाले. पाहते तर चुना फासलेल्या खुंट्या शेताशेतांतून नागमोडी गेलेल्या! ठोकणारा झिंगलेला असावा, असं मी ठरवलं. पदर खोचला, खुंट्या उपटल्या आणि दगडाने धुऱ्यावर (दोन शेतांमधली हद्द) ओळीत ठोकल्या.

खालच्या वावरात कौसाबाई पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटत होती. एकटी बाई, तेवढंच तिचं शेत.

"काय करून राह्यल्या, बाई?"

"ओळ सरळ करतेय."

"मंग साहेबानं वाकड्या काऊन ठोकल्या? माहं वावर खालतं हाये. पानी फुटलं त माह्याच अंगावर येईन."

"सरकारी बांध फुटत नसतो," मी म्हणाले. हे मला कोणी सांगितलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी जीपमधून मोठे साहेब आले. "वा! काय सरळ रेषा!" पाटील तर हरखलेच, बांध त्यांच्या शेतातून जायचा टळला होता. आमचे हे मात्र पांढरेफटक. खुंट्या त्यांनी दुर्बिणीने उंची मोजून, पाणी सगळीकडे सारखं अडावं अशा लावल्या होत्या. मी मान खाली घालून यांना खरं सांगितलं, तर म्हणाले, "आता साहेबांना आवडलंय ना? गप्प बस." बढती जवळ आली होती. बांध सरळच पडला. उद्घाटनाच्या फोटोत मी आहे, फावडं उलटं धरून.

पावसाळा सरल्यावर पुन्हा गेलो. योजनेची पाटी ताठ उभी होती, सगळं पाणी खोलगटात साचून बांध तिथेच फुटला होता. कौसाबाईच्या वावरात नुसता मुरूम उघडा पडलेला. यांनी खाली न उतरताच दमणी स्टेशनकडे वळवायला सांगितली.

कौसाबाई आडवी आली. यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. रिकामं टोपलं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "माही माती वाकडीतिकडी वाहत नाल्यात गेली, बाई. तुमाले सरळच लागते ना? हे घ्या टोपलं. उतरा, अन् सरळ माह्या वावरात आनून टाका."