मोकळी पट्टी

मुंबईच्या एका खेळणीवाल्या शेटनं पोलादपूरच्या सोनू मिस्त्रीला फसवलं. त्याचं कसब उचललं आणि वर त्याचंच नाव बुडवलं. शेटचं नाव मी इथं देत नाही, संपादक ते छापणार नाहीत. पण शेट हे वर्तमानपत्र वाचतो, आणि वाचल्यावर त्याला कळेल.

सोनू मिस्त्री गेल्याला आता दीड महिना झाला. बातमी मला महाडच्या माझ्या लाकडाच्या वखारीत कळली. पोलादपूरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून खिडकीतून सांगितलं, "तुमचा मिस्त्री गेला पहाटं. तुमाला सांगाया सांगितलंय." मी तसाच चपला घालून गाडीत बसलो. ड्रायव्हर म्हणाला, तुमच्या एकट्यासाठी रिकामी गाडी परत पोलादपूरला न्यायची तर जादा पडेल. आणि मी भाड्यावरून घासाघीस करायला लागलो. निम्मी वाट मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो. चोळई गाव मागं पडल्यावर ध्यानात आलं, की आपण सोनूदादाच्या मयताला चाललो आहोत... माझी जीभ अशीच आहे. घासाघीस सुरू झाली की तिला दुसरं काही दिसत नाही. पुढं जे लिहितो आहे ते या जिभेमुळंच झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

मी मूळचा पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. जळणफाट्याच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाजारात विकायला येत असे. सोनूदादाचं घर बाजाराच्या तोंडाशी होतं. एकदा तो माझ्या मोळीतलं एक लाकूड उपसून म्हणाला, "हे जाळाया विकतोस व्हय रे? शिसव हाय ही." त्या दिवशी मला लाकूड कळायला लागलं. पुढं मी वखार घातली, जंगलाचे ठेके घेतले, चार माणसं मला शेट म्हणू लागली. सोनूदादा मात्र शेवटपर्यंत दामूच म्हणाला.

तरुणपणी तो मुंबईत होता. साहेबलोकांच्या बंगल्यांत लाकडी जमिनी घालायचं काम करायचा. आपल्याकडं जमीन म्हणजे शेणानं सारवलेली. फळ्या असायच्या त्या माळ्यावर. पायाखाली सागवान घालून त्यावर बुटांनी चालतात हे तो गावात सांगायचा तेव्हा लोक हसायचे. गुडघे गेले तसा तो परत आला. मोठं काम होईना, म्हणून दारंखिडक्यांची डागडुजी करायचा आणि उरल्या वेळात पोरींसाठी भातुकलीची खेळणी. एकदा मी गेलो तर ओटीवर हातभर लांबीचं बाहुल्यांचं घर मांडलेलं. ओटी, माजघर, देवघर, वर माळा. आत डोकावलो आणि बघतच राहिलो. खाली लाकडी जमीन होती. काडेपेटीतल्या काडीएवढ्या रुंद पट्ट्या, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या एकमेकींत बसवलेल्या. माजघरात सागवान आणि शिसव, एक पिवळी एक काळी. देवघरात नुसता फणस, हळदीसारखा. माझ्याच वखारीतले कपटे होते ते.

"घासलीस कशानं?" मी विचारलं. हात फिरवला तर सांधा लागत नव्हता.

"खरवताच्या पानानं. कागद कुठला परवडाया." खरवताचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत असतं. आमच्याकडं रानात पैशापासरी. "आनि ही भितीकडची पट्टी बघ. हलीव नखानं."

मी हलवली. ती सरकली.

"ही डकवायची नाय," तो म्हणाला. "लाकूड मेलं तरी त्याची तहान मरत नाय. पावसात ते पानी पितं, फुगतं. एक पट्टी मोकळी ठेवली की बाकीच्यांना सरकाया जागा ऱ्हाते. साह्यबाच्या बंगल्यात पन असंच करायचो. इंजनेर वरडायचा. पाऊस पडला की गप व्हायचा."

मी म्हणालो, हे मुंबईला विकू. तो म्हणाला, "ह्यो खेळ हाय दामू, धंदा नाय." मी ऐकलं नाही. मला धंदा दिसला की ऐकू येत नाही. मुंबईच्या त्या शेटला मी पत्र घातलं. त्यानं मोठं घर मागवलं, सहा खोल्यांचं. मिस्त्रीनं त्यासाठी दिवाळीपासून होळीपर्यंत पट्ट्या कापल्या. लाकूड चुलीवर टांगलेल्या शिंकाळ्यात सुकवायचा. त्याची बायको, आमच्या वहिनी, कावायच्या, "चुलीवर भात कमी नि फळकुटं जास्त. उद्या तीच वाढते तुमाला." तो म्हणायचा, "वाढ गो. मीठ तेवढं बेतानं घाल."

वैशाखात शेटचा गुमास्ता घर बघायला महाडला आला. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, त्याआधीची शेवटची बोट त्याला गाठायची होती. मिस्त्री पोलादपूरला, सौदा मी करणार. गुमास्त्यानं सगळं घर निरखलं आणि नेमकं नख त्या पट्टीवर ठेवलं. "ही हलते. काम कच्चं आहे. भाव कमी करा." मी सांगायला हवं होतं की ती का हलते. सुरुवात केलीही. तो हसला. म्हणाला, "दामूशेट, हलणाऱ्या वस्तूचं कारण गिऱ्हाईक ऐकत नाही." माझं डोकं फिरलं. महाडच्या बाजारात माझा भाव कुणी पाडलेला नव्हता. मी म्हणालो, "जेवून या. हलली तर फुकट न्या."

तो जेवायला गेला. मी वखारीतला लाकूड चिकटवायचा सरस गरम केला आणि सहाही खोल्यांतल्या मोकळ्या पट्ट्या माझ्या हातानं डकवून टाकल्या.

गुमास्ता परत आला, त्यानं नखं मारून बघितली, एकही हलली नाही. ठरल्या भावाला घर गेलं. त्या दिवशी मी पानाचा विडा खाल्ला आणि चार जणांना हा किस्सा सांगितला. सोनूदादाला इतकंच सांगितलं, की दर पडू दिला नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

श्रावणात, बोटी बंद म्हणून घाटावरून फिरून येणाऱ्या टपालानं, शेटचं पत्र आलं. माजघराची जमीन मधोमध पापडासारखी उठली आहे, गिऱ्हाइकासमोर शोभा झाली, असला कच्चा कारागीर पुन्हा मुंबईला पाठवू नये. सोनूदादाला वाचता येत नव्हतं. त्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग गुडघे चोळत म्हणाला, "उठली म्हंजे... मोकळी पट्टी कुनी डकवली तर नसंल?"

"मुंबईत कुणी हात लावला असेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "मग लिही. त्यांना कळंल असं लिही." आणि त्यानं सगळं सांगितलं. लाकूड किती दिवस सुकवायचं, कुठल्या भिंतीकडची पट्टी मोकळी ठेवायची, किती फट, वरून कड कशी दाबायची म्हणजे पट्टी दिसायला घट्ट दिसते पण सरकते, खरवताचं पान ओलं वापरायचं की सुकं. तीन पानं भरली. मी आयुष्यभर सौदे केलेला माणूस. धंद्यातलं गुपित असं टपालानं फुकट धाडायचं नसतं हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला थांबवायचं तर सरसाचं सांगावं लागलं असतं. मी मुकाट्यानं लिहीत राहिलो. माझ्याच अक्षरात.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. बोटी सुरू झाल्यावर घर तेवढं सोनूदादाकडं परत आलं, गोणपाटात गुंडाळून. पोलादपूरसारख्या गावात असली गोष्ट झाकून राहत नाही. मिस्त्रीची जमीन उठली, एवढंच सगळ्यांना कळलं. का उठली ते कुणाला ऐकायचं नव्हतं. त्या साली देवळाच्या गाभाऱ्याचं दार नवं करायचं होतं. ते काम त्याचं होतं, आधीचं दार त्याच्या बापानं केलेलं. पंचांनी ते महाडच्या सुताराला दिलं. मी पंचांशी भांडलो. एक जण म्हणाला, "बाहुलीच्या घराला पुरला नाय, देवाच्या काय पुरंल?" मी त्याच्या अंगावर गेलो. खरं सांगायला मात्र गेलो नाही.

पुढच्या साली सागवानाच्या कामानं मी मुंबईला गेलो होतो. शेटच्या दुकानावरून जाताना काचेत बाहुल्यांची तीन घरं दिसली. आत माशाच्या काट्याची जमीन. वर पाटी : आमच्या कारखान्यात घडवलेली. मी आत गेलो, एक घर खाली काढायला लावलं आणि भिंतीकडच्या पट्टीवर नख ठेवलं.

पट्टी सरकली.

दुकानातला नोकर अदबीनं म्हणाला, "ती मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे. पावसाळ्यासाठी. आमच्या शेटची युक्ती आहे."

मी शेटला बाहेर बोलवायला लावलं. आवाज चढवला, गिऱ्हाइकं जमली. सोनू मिस्त्रीचं नाव घेतलं. शेट शांत होता. म्हणाला, "तुमच्या मिस्त्रीचं काम तर उठलं होतं. पाठवायच्या आधी तुम्हीच पारखलंत ना?" आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. जी जीभ कधी हरली नाही ती... तिथं एक वाक्य बोललो असतो तर सोनूदादा सुटला असता. ते वाक्य चारचौघांत मला बोलवेना. लोक बघत होते. मी दुकानातून बाहेर पडलो.

परत येऊन सोनूदादाला सांगितलं, तुझी नक्कल करून विकतात. मला वाटलं तो संतापेल, आणि मला त्याच्या संतापात माझा संताप मिसळता येईल. त्यानं विचारलं, "पट्टी सरकते ना?"

"सरकते."

"मग बरं. पोरींची घरं तरी उठायची नायत." आणि तो पुन्हा पाटावर कसलीशी फळी तासायला लागला. मला त्याचा भयंकर राग आला. दोन दिवस मी धड जेवलो नाही.

बाराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं. परत आलेलं ते सहा खोल्यांचं घर त्यांनी फडताळातून काढून पुढं ठेवलं. "हे तुमचं हाय म्हनाले. दामूला दे म्हनाले." आता ते माझ्या वखारीत, गल्ल्याशेजारी आहे. माजघराची उठलेली जमीन त्यानं पुन्हा बसवली होती, कळून येत नाही अशी. भिंतीकडची पट्टी मी नखानं दाबली. ती सरकली. मग बाकीच्या पाच दाबल्या. सगळ्या सरकल्या. कडेला पटाशीनं खरवडलेल्या खुणा होत्या, आणि एका कोपऱ्यात सरसाचा एक थेंब राहिला होता. सोनूदादाचा सरस मधाच्या रंगाचा असे. हा काळपट आहे. माझ्या वखारीतला. घर परत आलं त्याच दिवशी त्यानं तो ओळखला असणार. त्यानंतर चार वर्षं तो माझ्याशी बोलला, माझ्या पंक्तीला बसला, माझ्या मुलीच्या लग्नाचा पाट त्यानंच घडवला.

पोलादपूरच्या पंचांनी हे वाचावं : जमीन सोनू मिस्त्रीच्या हातानं उठली नाही, माझ्या हातानं उठली. मी हे गावात उभा राहूनही सांगणार आहे. माझ्या वाट्याचं उत्तर हे असं आहे, उशिरा दिलेलं, आणि ज्याला द्यायचं तो ऐकायला नाही.

आता शेटनं द्यावं. ते तीन पानांचं पत्र खोटं वाटलं असेल, तर त्यावरून घरं का बांधलीत? आणि खरं वाटलं असेल, तर त्या माणसाचा दोष नव्हता, एवढी एक ओळ उलट टपालानं का लिहिली नाहीत? तुमच्या काचेतली पट्टी अजून सरकते. तिच्यावर नाव कुणाचं, ते सांगा.