जोगव्याचं पाचवं घर

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. मी काही मोठी भक्तीण नाही. त्या दिवसांत देव्हाऱ्यापुढं दिवा लावायचे तोसुद्धा आदळआपट करत. ह्यांच्या डोक्याला मार लागून आमचा संसार आधीच रुतला होता, त्यात माझ्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि शुद्धीवर येऊन नर्सबाईंना हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, बहुतेक येईल परत, पण किती महिने लागतील ते सांगता येत नाही. तोवर कुजबुजायचंसुद्धा नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आमच्या निगडीच्या ओटास्कीम वसाहतीतल्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या वेळी माझ्या एका हाकेवर चारी मजले जागे व्हायचे. हे धडधाकट होते तेव्हा पाहुण्यांना हसून सांगायचे, "सासऱ्यांनी हिच्याबरोबर कंपनीचा भोंगा आंदण दिलाय." तो भोंगा बंद पडला, आणि तेही नेमकं त्याच्यावर दोन माणसांचं चालत असताना.

दोन माणसांचं म्हणजे कसं, ते सांगते. हे चाकणला ठेकेदाराकडून एका कंपनीत कामाला होते. सेकंड शिफ्टला जाताना एका कंटेनरनं हूल दिली आणि हे गाडीवरून रस्त्यावर आपटले. हातपाय शाबूत राहिले, तोंडावर ओरखडा नाही. पण डोक्याच्या आत काय बिघडलं कोण जाणे, तेव्हापासून नवीन काही टिकतच नाही. जेवले की जेवल्याचं विसरतात. खाली उतरले की आपला जिना सापडत नाही. गॅस पेटवून निघून जातात. लहानपणीचं मात्र लख्ख आठवतं, गावातल्या म्हशींच्या नावासकट. बघणाऱ्याला वाटतं, चांगला मिशीवाला उंचापुरा गडी आहे, ह्याला काय धाड भरलीय? मीही तसं वाटू द्यायची. कोणी काही विचारलं की ह्यांच्या आधी माझं उत्तर तयार असायचं. लोक म्हणायचे, काय गं बाई तोंडाचा पट्टा! त्या पट्ट्याआड मी माझा माणूस झाकत होते, हे कोणाला माहीत नव्हतं.

निराधार पेन्शनसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि तो मिळायचा तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर माणूस उभा करावा लागतो. पहिल्या खेपेला मी ह्यांना उभं केलं ते कसं? दाढी गुळगुळीत, केसांना कलप, कडक इस्त्रीचा शर्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या आईनं शिकवलेलं. आपली दैना चारचौघांत दाखवायची नाही. त्याआधीचा आठवडाभर परीक्षेला बसवल्यासारखी ह्यांच्याकडून उत्तरं घोकून घेतली. आत गेल्यावर डॉक्टरांनी वार विचारला, तर मी मागून बोटांनी खुणा केल्या. पत्ता विचारला, तो मीच सांगितला. डॉक्टर मान डोलवत होते, आणि मी मूर्खासारखी खूश होते की ह्यांनी लाज राखली. दाखला आला तो चाळीस टक्क्यांच्या खालचा. चाळीसच्या खाली पेन्शन नाही. मी तिथं जाऊन आकाशपाताळ एक केलं. तेव्हा खिडकीतल्या बाबूनं सांगितलं, फेरतपासणी मागा.

ती मागितली, आणि तारीख येईपर्यंत माझी ही गाठ निघाली. मी तळवड्याला वायरी जोडायच्या कंपनीत जायचे. जाताना ह्यांना शेजारच्या शैलाकाकूंच्या नजरेखाली ठेवायचे. ऑपरेशन झाल्यावर माझ्या ठेकेदारानं सांगितलं, "मावशी, तुम्ही आराम करा," म्हणजे काय ते मी समजले. मग गावाहून दिरांचा फोन आला. मला बोलता येत नव्हतं म्हणून ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिले. "वहिनी, येत्या रविवारी दादाला न्यायला येतो. तुमी माहेरी जाऊन बऱ्या व्हा. पेन्शनबिन्शन झाली तर बघू, न्हाई तर दोघांचं तिथं भागायचं कसं?" दीर वाईट माणूस नाही. पण त्यांच्या घरामागं बिनकठड्याची विहीर आहे, आणि घरातली सगळी दिवसभर रानात. ह्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? पेन्शन मिळाली तर मी बरी होईपर्यंत घरी राहून ह्यांना सांभाळू शकत होते. नाही मिळाली तर रविवारी हे जाणार. डोळे मिटले की मला ती विहीर दिसायची.

आमच्या घरात सासूबाईंची परडी आहे. वेताची, हळदीकुंकवानं माखलेली, कवड्यांची माळ घातलेली. तुळजापूरच्या आईची परडी ज्या घरात असते त्या घरच्या बाईनं मंगळवारी पाच घरी जाऊन जोगवा मागायचा, मूठमूठ पीठ घ्यायचं आणि त्याचा नैवेद्य करायचा. सासूबाई म्हणायच्या, "राजाची राणी असली तरी जोगवा मागावाच लागतो. ती भीक न्हाई, तो मान हाय." गावात त्यांनी तो जन्मभर मागितला, ह्यांना बोटाला धरून. मी निगडीला आले आणि मला लाज वाटायला लागली. बिल्डिंगमधल्या बायकांच्या दारात जाऊन पीठ मागायचं? मी आपली स्वयंपाकघरात उभी राहून आपल्याच डब्यातलं पीठ पाच वेळा परडीत घालायची आणि पाच घरं झाली म्हणायची. शैलाकाकूंनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आपणच मागायचं, आपणच वाढायचं! देवीला चांगली गंडवतेस की गं." मी हसण्यावारी नेलं. कोणापुढं हात पसरायचा म्हटला की माझा जीव जायचा, देवीचं काम असलं तरी.

फेरतपासणीचा दिवस नेमका मंगळवार आला. माझ्या वतीनं बोलायला शैलाकाकू येणार होत्या, पण सकाळीच त्यांच्या नातीला ताप भरला आणि त्या राहिल्या. आता आली का पंचाईत! आम्ही दोघंच बसमध्ये बसलो. मी ह्यांचा हात घट्ट धरला होता. हे खिडकीबाहेर बघत पुन्हापुन्हा विचारत होते, "कुठं चाललोय गं?" मला सांगता येत नव्हतं. मनातल्या मनात मी देवीशी भांडत होते. म्हटलं, माझा आवाज घेतलास ना? मग आता तूच बोल. मला काही जमायचं नाही. भांडणच होतं ते, पण आज वाटतं, देवीवर काही सोडून द्यायची ती माझी पहिलीच वेळ असावी.

दवाखान्याच्या व्हरांड्यात रांग होती. आमच्या शेजारच्या बाकावर साधारण माझ्याच वयाची एक बाई होती, दापोडीची. चाकाच्या खुर्चीत तिची तरणी मुलगी. मी सवयीनं ह्यांची कॉलर नीट करत होते, कारण त्या दिवशीही इस्त्रीचा शर्ट घातलाच होता. अक्कल कुठं आली होती मला? ती बाई बघत राहिली आणि खुदकन हसून म्हणाली, "ताई, बोर्डाला आलात का लग्नाला? नवरदेव झकास दिसतोय हां." मी गळ्याच्या पट्टीकडं बोट दाखवून बोलता येत नसल्याची खूण केली. तिचं हसू थांबलं. जरा जवळ सरकून ती म्हणाली, "मी पण पोरीला पहिल्यांदा नटवूनच आणली होती. काही उपयोग नाही हो. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. घरी असतं तसं दिसू द्या." मी मान फिरवली. मला तिचा रागच आला. आमच्या घरात काय असतं ते हिला काय ठाऊक?

ह्यांचं नाव पुकारलं. मी ह्यांना घेऊन उठले. ती बाई मुलीला "आलेच गं" म्हणून माझ्याबरोबर सरळ आत शिरली. शिपायानं अडवलं तर म्हणाली, "ह्यांचं ऑपरेशन झालंय, आवाज नाही. मी सोबत आहे." आत तिनं डॉक्टर मॅडमना तेवढंच सांगितलं आणि गप्प बसली. मी तिच्याकडं बघतेय, बोल ना बाई, काहीतरी बोल! तर ती ढिम्म. मॅडमनी ह्यांना वार विचारला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोटं उचलायला गेले तर त्या बाईनं माझं मनगट धरलं. घट्ट. "राहू द्या ताई," ती हळूच म्हणाली. "बघू द्या त्यांना." मला हिसडा मारावासा वाटला. पण अंगात बळ नव्हतं, आणि कुठं तरी आत असंही वाटलं की आता पुरे. मी हात सैल सोडला.

मग काय, सगळी मूठ उघडी पडली. इथं कशानं आलात, तर बैलगाडीनं. राहता कुठं, तर लहानपणीच्या गावाचं नाव. मॅडमनी तीन शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले, तर "कसले शब्द?" प्रत्येक प्रश्नाला हे माझ्याकडं बघत होते आणि माझ्याकडून काहीच येत नव्हतं. हे घाबरले. "हिला विचारा, हिला सगळं माहीत असतं," म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "त्यांना बोलता येत नाही. त्यांना काय झालंय, तुम्हीच सांगा." तेव्हा ह्यांचं लक्ष माझ्या गळ्याकडं गेलं. रोज सकाळी जायचं, आणि रोज मी खुणा करून समजवायची, पण ह्यांच्या लेखी ती पट्टी त्या क्षणी पहिल्यांदाच दिसत होती. हे ताडकन उठले. "कुणी मारलं हिला?" आवाज फाटला होता. मग मॅडमसमोर गेले, माझ्या हातच्या इस्त्रीच्या शर्टाचा घोळ दोन्ही हातांनी धरला आणि पदर पसरावा तसा पसरला. "माय, माझं राहू द्या. हिला बरं करा. ही बोलली न्हाई तर मला काहीच कळत न्हाई."

मी रडले. आवाज नसलेलं रडणं, नुसता हुंदक्यांचा वारा. त्या बाईनं माझं मनगट सोडलं नव्हतं. माझा माणूस काय मागत होता? आपल्यासाठी काहीच नाही. जे मागायची मला जन्मभर लाज वाटली ते त्यानं भर बोर्डात शर्ट पसरून मागितलं, आणि त्यात कुठं कमीपणा नव्हता. मॅडमनी त्यांना हाताला धरून बसवलं. मला म्हणाल्या, "मागच्या वेळी हे दिसलंच नव्हतं. यांना एकटं ठेवता येणार नाही, तसं लिहिते मी." मी हात जोडले. बाहेर आलो तोवर दापोडीच्या ताईंच्या मुलीचं नाव पुकारलं होतं. ताई "जय भीम" म्हणून घाईनं खुर्ची ढकलत आत गेल्या. मी थांबणार होते, पण ह्यांनी तोवर जिना गाठला होता, आणि मला ह्यांच्यामागं धावावं लागलं. त्या ताईंचं नावसुद्धा मला माहीत नाही. ती देवीच होती असं मी म्हणत नाही, म्हटलं तर त्याच पोट धरून हसतील. पण मी बसमध्ये "तूच बोल" म्हटलं होतं आणि आत जे बोलायला हवं होतं ते बोललं गेलं. मी बोलू शकत असते तर ते झालं नसतं, एवढं मला कळतं. ज्या आवाजासाठी मी देवीला बोल लावत होते, तोच मध्ये येत होता.

रविवारी दीर आले, मटण-भाकरी जेवले, मी हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं ते डोळे पुसत पाहिलं आणि एकटेच परत गेले. दाखला आला तो चाळीसच्या कितीतरी वर. पुढं पेन्शन सुरू व्हायलाही खेटे पडले, पण शैलाकाकूंना सोबत चला म्हणून मी खुणेनं विचारलं आणि त्या आल्या. विचारायला काही लागत नाही, हे मला किती उशिरा समजलं बघा.

दीर गेले त्याच्या पुढच्या मंगळवारी मी परडी काढली. बाहेर पडायला पाऊल उचललं आणि आठवलं की हाक कोण देणार? मी दारात तशीच उभी. ह्यांनी परडी पाहिली, कवड्यांवरून बोट फिरवलं आणि एकदम, थेट सासूबाईंच्या चालीत, खणखणीत हाक दिली, "आई राजा उदो उदो! जोगवा वाढा माय!" जिन्यात आवाज घुमला. दारं उघडली. शैलाकाकू पिठाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आलीस एकदाची! मी केव्हाची वाट बघत होते." चार घरं झाली. वळून पाहते तर हे आमच्याच दारासमोर उभे. आमचं घर आहे हे ह्यांच्या ध्यानात नव्हतं. हात जोडून हाक दिली, "माय, जोगवा वाढा." काय करणार? मी परडी ह्यांच्या हातात दिली, आत गेले, डब्यातलं मूठभर पीठ आणलं आणि उंबऱ्यात उभी राहून वाढलं.

आता माझा आवाज आलाय. जुना नाही, भोंग्याला गंज चढलाय, पण येतो. मंगळवारची हाक मात्र मी देत नाही, ती ह्यांचीच. पाचवं घर दर वेळी आमचंच निघतं. मी पीठ वाढते तेव्हा हे मला अनोळखी घरची बाई समजून परडी कपाळाला लावतात आणि आशीर्वाद देतात, "तुझं घर भरलेलं राहो, माय." देवीआईनं परत दिलेल्या त्या फाटक्या आवाजात मी म्हणते, "राहील. भरलेलंच आहे."