कोंबडाछाप

नूडल्स चीनमध्ये जन्मल्या की आणखी कुठे, हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. पण त्यांना शिस्त लागली ती नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या बाजूला एका दोन खोल्यांच्या घरात, माझ्या साडूंच्या हाताखाली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. द्वारकेला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंग क्लार्क होते. देह किरकोळ, आवाज भारदस्त, आणि कोणत्याही विषयावरचं मत गरमागरम तयार. मी पडलो कॉलेजच्या ग्रंथालयातला माणूस. दिवसभर इतरांना शांत बसायला सांगता सांगता मीच कायमचा शांत झालो होतो. त्यामुळे साडूंना माझ्यासारखा श्रोता उभ्या जिल्ह्यात मिळाला नसता. ते म्हणायचेही, "साडूभाऊ, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. तुम्ही मधे बोलत नाही."

नव्वदीतले ते दिवस. टीव्हीवर जाहिरात येणाऱ्या नूडल्स तोवर घराघरांत शिरल्या होत्या. साडूंच्या घरात मात्र त्या ट्रकमधून शिरल्या. पावसात भिजलेला एक खोका व्यापाऱ्याने घ्यायला नकार दिला आणि आतली कोरडी पाकिटं ऑफिसातल्या लोकांनी वाटून घेतली. पिवळं पाकीट, त्यावर मान ताणून आरवणारा लाल कोंबडा. वर इंग्रजीत काहीतरी नाव होतं, पण ते कुणी वाचण्याच्या भानगडीत पडलं नाही. बाजारात त्याला कोंबडाछापच म्हणत. जाहिरातवाल्यांपेक्षा खूप स्वस्त. आतला मसाला म्हणजे हळद, मीठ आणि तिखट यांनी आपसांत केलेली तडजोड होती. साडूंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "जाहिरातवाल्या नूडलला नाटकं लय. ही आपल्यातली वाटते." त्या दिवसापासून घरात दुसरं पाकीट आलं नाही. आमच्या सासूबाई कट्टर शाकाहारी. पाकिटावरचा कोंबडा पाहून त्यांनी पदर नाकाला लावला. तेव्हा साडू त्यांना म्हणाले, "आई, तुमच्या देवघरातल्या काडेपेटीवर वाघ आहे. आपण वाघ खातो का?" सासूबाईंनी त्यानंतर नूडल्सबद्दल एक शब्द काढला नाही. काडेपेटी मात्र बदलली.

साडूंचं नूडलशास्त्र एका नियमावर उभं होतं. नूडल कुणासाठी थांबत नाही, खाणाऱ्यानेच तिच्यासाठी थांबलं पाहिजे. म्हणून आधी माणसाने ताट घेऊन बसायचं. तो बसल्याची खात्री झाली की मगच साडू गॅसवर पाणी ठेवणार. "बसलात का?" असा आतून पुकारा व्हायचा. "बसलो" हे उत्तर स्पष्ट ऐकू आल्याखेरीज काडी ओढली जात नसे. एकदा त्यांचे मॅनेजर घरी आले होते. ताट पुढे आलं आणि नेमका शेजाऱ्यांकडे त्यांचा फोन आला. ते बोलून परतले तेव्हा साडू दारात ताट हातात घेऊन उभे. "साहेब, फुगली," असं दुखवट्याच्या सुरात सांगून ते ताट घेऊन तडक खाली उतरले आणि गाईपुढे ठेवलं. गाईने हुंगलं आणि मान फिरवली. "बघा," साडू वर येऊन मॅनेजरना म्हणाले, "तिलाही कळतं." मॅनेजरनी दुसरं पाणी उकळेपर्यंत मांडी मोडली नाही. साडूंची बढती पुढे बरीच लांबली, पण त्याचा याच्याशी संबंध असल्याचं त्यांनी कधी मान्य केलं नाही.

खाण्याच्या पद्धतीत मात्र ते अगदी उदार होते. कच्ची नूडल मुठीत चुरून, तिच्यावर कांदा, हिरवी मिरची आणि लिंबू पिळून ती भेळेसारखी खावी. थंडीत बाजरीची भाकरी कुस्करून तिच्यावर पातळ नूडल ओतावी आणि काल्यासारखी हाताने खावी. चमच्याने खाणाऱ्याला ते आजारी समजत. रविवारी मिसळीच्या दुकानात जाताना त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पाकीट असायचंच. शेवेऐवजी हे घाला, असा त्यांचा आग्रह. मालक म्हणायचा, "काका, बाहेरचं आणू नका हो, गिऱ्हाईक बघतंय." साडू म्हणायचे, "बघू दे की. शिकेल." काळ्या मसाल्याचा तो झणझणीत रस्सा कोरड्या नूडलवर पडला की जो चर्रकन आवाज व्हायचा तो ऐकायला ते कान खाली न्यायचे. एकदा आमच्या समोर मालकाने गुपचूप एक घास घेऊन पाहिला. "वाईट नाय," तो म्हणाला. साडूंनी मिशीवरून हात फिरवला. एका हंगामात त्यांनी नूडल्समध्ये द्राक्षंही घातली होती. त्या प्रयोगाबद्दल ते बोलत नसत, आणि अक्का दुसरं काही बोलत नसत.

या सगळ्यात त्यांची खरी जुगलबंदी चालायची ती माझ्या बायकोशी. ते तिला 'धाकटे' म्हणत, ती त्यांना 'दाजी'. माझ्या वाट्याचं बोलणंही तीच बोलून घ्यायची. "दाजी, तुमची नूडल म्हणजे मुंजीतला बटू. सगळे तिच्याभोवती बसलेले आणि जेवण कुणालाच नाही," असं ती म्हणायची, आणि तरी ताट घेऊन सर्वांत आधी तीच बसायची.

मग एक दिवस कोंबडा आरवायचा थांबला. द्वारकेच्या दुकानांतून पाकिटं नाहीशी झाली. एजंट म्हणाला, कंपनीच बंद पडली. साडूंनी ही बातमी घरातलं माणूस बेपत्ता व्हावं तशी घेतली, आणि शोधही तसाच सुरू केला. शहरात नसलेला माल खेड्यात पडून असतो, हा ट्रान्सपोर्टमधला त्यांचा अनुभव. रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे मी. सायखेड्याला गेलो, तिथे कुणाला कोंबडा आठवतही नव्हता. मग बाजाराच्या दिवशी हरसूलला. घाट चढताना त्यांनी वळून मला विचारलं, "साडूभाऊ, भीती वाटते का?" मी नाही म्हणालो. "मला वाटते," ते म्हणाले, "तिथंही नसलं तर?"

हरसूलच्या एका किराणा दुकानात, शांपूच्या पुड्यांच्या मागे, सुतळीला टोचलेली पिवळी माळ लोंबत होती. उन्हाने कोंबडा गुलाबी पडला होता. दुकानदारीणबाई म्हणाली, "ते कशाला नेता भाऊ? पोरंबी खात नाय आता. त्यांना टीव्हीतलं लागतं." साडूंनी ती माळ उतरवली आणि परतीच्या वाटेवर मला ती पोटाशी धरून बसायला लावलं. "चुरा होईल," एवढंच ते वाटेत बोलले.

ती माळ त्यांनी जपून जपून संपवली आणि शेवटचं एक पाकीट उरलं तेव्हा हात आखडला. ते पाकीट कपाटात, आहेराच्या साड्यांखाली गेलं. "हे प्रसंगाला फोडायचं," त्यांनी ठरवलं. पण प्रसंग त्यांच्या पसंतीला उतरेना. त्यांची मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. साडू म्हणाले, पेढे पुरेत. बढती अखेर आली. म्हणाले, उशिरा आली. सिंहस्थ आला, सगळं नाशिक न्हाऊन निघालं. बारा वर्षांनी येणारी ती पर्वणीसुद्धा पाकिटाच्या लायकीची ठरली नाही. माझी बायको दर सणाला विचारायची, "दाजी, फोडताय की त्याला स्थळ बघायचं?" साडू म्हणायचे, "धाकटे, घाई करू नकोस. प्रसंग आला की मला कळेल."

त्यानंतरच्या थंडीत ती आजारी पडली. दुखणं पोटाचं होतं आणि बघता बघता तिचं अन्न तुटलं. दवाखान्यात पेज दोन चमचे जायची, तिसऱ्याला ती मान फिरवायची. एका दुपारी साडू आले. स्वेटरच्या आतून त्यांनी ते पाकीट काढलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. मी चमकलो. साडू खिडकीकडे बघत म्हणाले, "धाकटे, आज फोडू म्हणतो. थंडी लय पडलीय. अक्का घरून पटकन करून आणेल."

तिने पाकीट हातात घेऊन बराच वेळ निरखलं. मग हसली. "डॉक्टर तुमच्याशी बोललेले दिसतात."

"छे, छे. डॉक्टर काय बोलणार? आपलं असंच."

"घरून इथे येईपर्यंत फुगेल की, दाजी. नियम काय आहे?" ती म्हणाली. "मी घरी येते. आधी मी बसते, मग तुम्ही पाणी ठेवा. तोवर हे साड्यांखालीच राहू दे."

साडूंनी पाकीट परत स्वेटरमध्ये घातलं. त्या दिवसापासून त्यांचा आवाज पुन्हा चढला. वॉर्डातल्या नर्सला ते सांगू लागले, हिला लवकर घरी सोडा, आमचं एक काम खोळंबलंय. मला जिन्यात गाठून म्हणाले, "प्रसंग ठरला, साडूभाऊ. आता ती येतेच." इतक्या ठामपणे कुणी सांगितलं की माझ्यासारख्या माणसाला खरं वाटायचं. मीही घरी जाऊन स्वयंपाकघर झाडून ठेवलं.

ती आली नाही.

घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही. सोयरेधायरे जेवण करून आणतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. त्या संध्याकाळी ओट्यावर डब्यांची रांग लागली होती. पिठलं, भाकरी, मुगाची खिचडी. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं आणि अक्का सांगून सांगून थकल्या होत्या. तेवढ्यात साडू आले. टॉवेलात गुंडाळलेला डबा छातीशी धरलेला. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवून उघडला. आत पिवळा गोळा होता.

अक्कांच्या लक्षात आलं तशा त्या रडता रडता कडाडल्या. "अहो, लाज कशी वाटत नाही? कडू घासाला हे आणतात का कुणी?"

"तिचंच होतं ते," साडू म्हणाले. मग माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात, "फुगली हो, साडूभाऊ. द्वारकेला गाड्या अडकल्या होत्या. मी रिक्षावाल्याला किती सांगितलं."

इतकी वर्षं फुगलेली नूडल गाईपुढे नेऊन ठेवणारा माणूस तो डबा हातात धरून उभा होता. त्याचं काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. मी उठलो. ताट घेतलं आणि भिंतीशी मांडी घालून बसलो. "बसलो," मी म्हणालो.

त्यांनी गोळा मोडून अर्धा मला वाढला, अर्धा स्वतः घेतला. तो थंड होता, आणि इतक्या वर्षांनी खवटही झाला होता. साडूंनी घास चावला, गिळला आणि म्हणाले, "वाईट झालंय." कोंबडाछापला त्यांनी आयुष्यात नावं ठेवली ती तेवढीच. पण दोघांनीही ताट पुसून खाल्लं.

पुढे दर रविवारी ते माझ्याकडे येऊ लागले. येताना जाहिरातवाली पाकिटं आणायचे, त्यांना यथेच्छ शिव्या द्यायचे आणि स्वयंपाकघरात शिरायचे. "बसलात का?" आतून आवाज यायचा. "बसलो," मी म्हणायचो. तरी काडी लगेच ओढली जात नसे. आणखी कुणाच्या उत्तराची वाट पाहावी तसे ते थोडे थांबायचे आणि मग पाणी ठेवायचे.

गेल्या थंडीत साडूही गेले. अक्कांकडे कडू घास घेऊन गेलो तेव्हा मी पिठलं-भाकरीच नेली. फुगलेली नूडल त्यांच्या दारात न्यायची माझी हिंमत झाली नाही.

आता रविवारी मी एकटा असतो. दुकानातून एक पाकीट आणतो, मिळेल ते. नियम मोडवत नाही, म्हणून आधी ताट घेऊन मांडी घालून बसतो. आतून काही आवाज येत नाही. मग पाणी ठेवायला मलाच उठावं लागतं.