एकशे सातचा आवाज

गल्लीत कुणी फोनवर बोलायला लागलं, की काका उठून लांब जाऊन उभे राहायचे. "अहो बसा, घरचाच फोन आहे," असं म्हटलं तरी थांबायचे नाहीत. "दुसऱ्याची लाइन ऐकू नये, म्याडम," एवढं बोलून ते पाठ करून कढीपत्त्याच्या झाडापाशी उभे राहायचे. बोलणं संपलं की परत येऊन बसायचे.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती. कपाळावर विभूती, खिशाला टेस्टर, अंगात कायम पांढरा हाफ शर्ट. लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. आमच्या गल्लीत तेव्हा घरागणिक विद्यार्थी राहत. हदगावच्या, देगलूरच्या, कुठकुठल्या मुली वह्या छातीशी धरून सकाळपासून ये-जा करायच्या. त्यांच्या वसतिगृहात मोबाइलला बंदी होती.

निवृत्तीनंतर काकांनी एक जुना कॉम्प्युटर आणला. पुस्तक वाचून, मला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारून, त्यांनी त्याच्यावर इंटरनेटवरून चालणारं टेलिफोन एक्सचेंज उभं केलं. भंगारातून जुने डबडे फोन आणून, दुरुस्त करून जोडले. एक मला, एक खाणावळवाल्या मावशींना, एक मुलींच्या वसतिगृहाला. एकशे एकपासून नंबर दिले. "हे कंपनीचं न्हाई, सरकारचं न्हाई. आपलं हाय," असं ते म्हणायचे, आणि त्या कॉम्प्युटरवरून ओला फडका फिरवायचे. मी नको नको म्हणत असायची.

दुपारी मावशी मला फोन करून भाजी कोणती ते सांगायच्या. खिडकीतून हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं. पण त्या फोनवरच सांगायच्या, आणि मीही खिडकीकडे न बघता ऐकायची. त्या दिवसांत आमची गल्ली थोडी जमिनीच्या वर तरंगत असल्यासारखी वाटायची.

एकदा वसतिगृहाच्या फोनला खोड लागली. आमचा आवाज तिकडे जाई, तिकडचा येईना. काकांनी सांगितलं की जाणारा आवाज जातो, पण येणारा दारात अडतो. कॉम्प्युटरात त्या नंबरापुढची एक खूण बदलावी लागते. संध्याकाळच्या आत त्यांनी फोन सुरू करून दिला.

सातवा फोन गल्लीत नव्हता. तो त्यांच्या थोरल्या बहिणीकडे होता, अक्कांकडे. त्र्याण्णवच्या भूकंपात अक्कांचं गाव पडलं. दोन्ही मुली गेल्या. गावाबाहेरच्या तंबूत तात्पुरती लाइन टाकायला खात्यानं ज्यांना पाठवलं, त्यांत काका होते. लोक रांग लावून नातेवाइकांना कळवत होते. काकांनी अक्कांच्या हातात रिसीव्हर दिला आणि मुलींच्या आजोळी, म्हणजे आपल्याच घरी, फोन जोडला. अक्कांनी तो कानाला धरून ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून ‘हाव’ आणि ‘न्हाई’ यापलीकडे त्यांच्या तोंडून फारसं काही आलं नाही, असं काकांनी मला सांगितलं. सांगताना ते फडक्यानं कॉम्प्युटर पुसत होते.

रोज पाचला काका एकशे सात फिरवायचे. "अक्का, मी हाय. तू बोलू नको. नुसतं ऐक." मग पाऊण तास गल्लीतलं सांगायचे. कोणत्या मुलीला किती मार्क पडले, मावशींचं लोणचं कसं खारट झालं. मला वाटायचं, पलीकडे शांतता आहे आणि हे त्या शांततेशी बोलताहेत.

एका सुट्टीत मावशींनी लोणच्याची बरणी अक्कांना पोचवायला सांगितली म्हणून मी पुनर्वसनाच्या त्या नव्या गावी गेले. सरळ रस्ते, एकसारखी घरं, मोठमोठी मोकळी अंगणं. अक्कांनी चहा दिला, बोलल्या नाहीत. पाच वाजता फोन वाजला. त्यांनी तो उचलला, भिंतीला टेकून बसल्या आणि बोलायला लागल्या.

थोरलीला शेवग्याची आमटी आवडायची, धाकटी केस विंचरू देत नव्हती, काल स्वप्नात दोघी आल्या आणि तहान लागली म्हणाल्या. थांबत थांबत, मुलींची नावं घेत, त्या बोलत राहिल्या. रिसीव्हरमधून काकांचा बारीक आवाज येत होता. ते मार्कांचं सांगत होते. दोघं एकाच वेळी बोलत होती.

मला वसतिगृहाच्या फोनची खोड आठवली. फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "अक्का, तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये."

"म्हाईत हाय," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच बोलता येतंय. त्याला सांगू नका."

मी आठ दिवस कसेबसे गप्प राहिले. वसतिगृहाची खोड दिवसात काढणारा माणूस ही का काढत नाही, हे मला कळेना. शेवटी मी नुसतंच विचारलं, एकशे सातची लाइन तपासली का. काकांनी चष्मा काढला.

"एकदा उघडली होती. तिनं धाकटीचं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी घेतलं, म्याडम. मी परत बंद केली." चष्मा शर्टाला पुसत म्हणाले, "तिला कळलं मी ऐकतोय, तर पुन्हा गप होईल."

मी दोघांचंही गुपित दोघांपासून राखलं. रोज पाचला खाली त्यांचा आवाज सुरू झाला की मी वही मिटून ठेवायची. पंधरा कोसांवर दुसरा आवाज सुरू झाला असेल, हे एवढ्या गल्लीत मलाच माहीत होतं.

त्या वर्षीच्या परीक्षा व्हायच्या आतच काका गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. मातीला अक्का आल्या होत्या. सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, हे यंत्र आता बंद करणार का. मी नाही म्हणाले. त्यांनी कॉम्प्युटरवरची धूळ पदरानं पुसली.

"मग माझा आवाज येईल असं करता येतं का?"

मी पुस्तक काढलं. काकांनी पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. चार दिवस लागले मला. पाचव्या दिवशी पाचला मी एकशे सात फिरवला. आधी कुठंतरी शेळी ओरडली. भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. मग श्वास.

"ऐकू यायलंय का?" अक्कांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "बोला."